‘एक आदिवासी जवान’ म्हणजे अल्बर्ट एक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजय दिवसाच्या आपल्या विशेष पानावर १९७१ च्या चारही परमवीरचक्र विजेत्यांची आठवण काढलीत, त्याबद्दल आभार. पण तिघांची नावं, फोटो, चौकटी. आणि चौथ्याला ‘गंगासागरच्या लढाईत एका आदिवासी जवानानेही बलिदान दिले’ एवढं एकच वाक्य?

त्या जवानाला नाव आहे. लान्स नाईक अल्बर्ट एक्का, १४ गार्ड्‌स. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचे, उरांव या आदिवासी समाजाचे. पूर्व आघाडीवर त्या युद्धात मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. त्रिपुराच्या सीमेपलीकडे, आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरला, शत्रूच्या लाइट मशीनगनच्या बंकरमध्ये शिरून संगिनीने दोघांना पाडलं, स्वतः जबर जखमी झाले, तरी एकामागून एक बंकर साफ करत पुढे गेले. शेवटी इमारतीच्या वरच्या मजल्यावरून आग ओकणारी मशीनगन बंद पाडायला भिंत चढून आत घुसले. त्या जखमांनीच गेले. अंत्यसंस्कार तिकडे त्रिपुरातच झाले. तिथली माती जारीला पोचायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. त्यांच्या रेजिमेंटचं केंद्र आपल्याच कामठीत आहे. तिथे एक फोन केला असता, तर नाव मिळालं असतं.

मला हे इतकं का झोंबलं ते सांगते. आम्ही गोंड. माझे वडील पायदळात होते, १९७१ ला सीमेवर होते, संग्राम मेडल आहे त्यांचं. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी २६ जानेवारीला माजी सैनिकांच्या सत्काराचं पत्र आलं. आदल्या रात्री मी ब्लेझरला इस्त्री केली, त्यांनी मेडलं फडक्याने पुसून ओळीत लावली. पहाटेच्या गाडीने गेलो. मांडवाच्या तोंडाशी हातात यादी घेतलेल्या मुलाने विचारलं, ‘‘बाबा, पथक कुठलं?’’ बाबांनी टाचा जुळवल्या आणि पलटणीचा नंबर सांगितला. तो म्हणाला, ‘‘तसं नाही हो. ढेमसा की रेला?’’ हे आमचे नाच. मी काही बोलायच्या आत त्यांना स्टेजमागे नाचणाऱ्या पोरांत नेऊन बसवलं. नाचणारी पोरं आमचीच, त्यांच्यात बसण्यात कमीपणा नाही. पण छातीवरची मेडलं त्या माणसाला दिसलीच नाहीत. नंतर म्हणे नाव दोनदा पुकारलं. मागे ढोल वाजत होते, ऐकू येणार कसं? नारळ-शाल टेबलावरच राहिली. घरी आल्यावर मेडलं पत्र्याच्या पेटीत गेली, ती आजवर बाहेर निघालेली नाहीत.

‘बिरसा मुंडा की जय’ म्हणत बिहार रेजिमेंटचे जवान आजही हल्ल्याला उठतात. बिरसांचं नाव पलटणीच्या तोंडी आहे, मग एक्कांचं आपल्या पानावर का नसावं? ‘एक आदिवासी जवान’ असं लिहिलं की आमचा माणूस पुन्हा स्टेजमागेच जातो.

२७ डिसेंबरला एक्कांची जयंती आहे. त्या दिवशी त्यांचा फोटो नावासकट, तितक्याच मोठ्या चौकटीत छापा, ही विनंती. मी तो कापून शाळेच्या फळ्याशेजारी लावीन. आणि कृपया त्या दिवशीचा अंक आमच्या गावी पूर्ण पाठवा. इथे पैसे पूर्ण अंकाचे घेतात, विशेष पानं मात्र येत नाहीत. हे पानही मला दुसऱ्या दिवशी शाळेत मिळालं.

एका माजी सैनिकाची मुलगी,
जि. चंद्रपूर