पेन्सिलीच्या रेघेबद्दल, काका

प्रिय काका,

वागळे इस्टेटवरचं लिहून पूर्ण झालं. बाबांची पहिली पाळी, तिसरी पाळी, संप, कंपनीच्या गेटावरची नोटीस, नंतरची घरी बसलेली वर्षं, सगळं कागदावर आलं. शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा गाडी घणसोली सोडत होती. शेजारच्या बाईंना काही कळायच्या आत मला रडू फुटलं आणि पहिली आठवण तुमची झाली. फोनवर हे बोलता येणार नाही, घसा दाटतो. म्हणून लिहिते आहे, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. ठाण्यात, नवी मुंबईत लिहायचं मनात धरून बसलेली कितीतरी माणसं असतील. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

मला काय लिहायचं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची राज्यातली पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ सालची. बाबांच्या पिढीची माणसं गावाकडची शेती भावाच्या हवाली करून तिथे लेथवर उभी राहिली. किसननगरच्या एका खोलीत चार-चार जण, पाळीप्रमाणे झोपायची व्यवस्था. आज त्याच रस्त्यांवर काचेच्या इमारती आहेत. तिथे कामाला जाणाऱ्या मुलांना विचारलं तर इथे कधी भोंगा वाजायचा हे त्यांना माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. कुणी सांगितलंच नाही त्यांना. बाबांबरोबरची माणसं एकेक करून जाताहेत. त्यांच्याबद्दल घरातल्या कुणीतरी लिहायला हवं होतं आणि घरात लिहिणारी मीच होते.

पण तुमच्याआधी मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दलही आज बोलणार आहे.

मी पैसे भरून एका लेखन कार्यशाळेत नाव घातलं होतं. नोव्हेंबर महिना, रोज १,६६७ शब्द. हा आकडा आला कुठून तेही तिथे कुणी सांगितलं नाही, मी नंतर शोधून काढलं. अमेरिकेत १९९९ साली काही मित्रमंडळींनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू केला, त्याला तिसाने भागलं की हा आकडा येतो. हौसेने महिनाभर झोकून देणाऱ्यांसाठी तो उपक्रम चांगलाच असेल. पण महाप्याच्या ऑफिसातून साडेसातला घरी येऊन कुकर लावणाऱ्या, सासूबाईंची औषधं देणाऱ्या, मुलाच्या दहावीचं बघणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा लावायचा? रात्री दहाला ग्रुपवर प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा. ज्याचा भरला नाही त्याच्या नावापुढे लाल फुली. सासूबाई पडल्या त्या आठवड्यात मी ओळीने फुल्या खाल्ल्या. घरात काय झालंय ते कळवलं तर कार्यशाळा घेणाऱ्या गृहस्थांचं सगळ्यांसमोर उत्तर आलं, की कारणं सांगणाऱ्यांच्या हातून कधी लेखन होत नाही. त्या दिवशी केईएमच्या फेऱ्या मारून आलेल्या एका पोरीलाही हेच ऐकवलं होतं. मी ते विसरलेले नाही. लिहू पाहणाऱ्या माणसाला लाज वाटायला लावणं हे शिकवणं नव्हे, हे मला त्या गृहस्थांना आजही तोंडावर सांगायला आवडेल.

दुसरे एक नामवंत. नौपाड्यातल्या एका कार्यक्रमानंतर मी धीर करून त्यांना विचारलं, तर म्हणाले, पहाटे चारला उठत जा, सगळे मोठे लेखक उठतात. मी सव्वापाचला उठते आणि रात्री बाराला आडवी होते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही त्यांना.

तुम्ही मात्र विचारलंत.

तुम्ही आयुष्यभर मुद्रितं तपासलीत, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढल्यात, छपाईच्या खिळ्यांच्या काळापासून संगणकाच्या काळापर्यंत. शेजारी म्हणून एवढंच माहीत होतं की समोरच्या घरातले काका रद्दीतल्या वर्तमानपत्रावरसुद्धा लाल पेनाने खुणा करतात. त्या संध्याकाळी काकूंना विरजण द्यायला आले, तुम्ही सहज विचारलंत, हल्ली लिहितेस का, आणि मी तुमच्या सोफ्यावर बसून भडाभडा बोलले. तुम्ही सल्ला दिला नाहीत. दिवस कसा जातो ते विचारलंत. उठतेस किती वाजता, डबे कितीचे, गाडी कुठली. मी म्हटलं, आठ-अठ्ठेचाळीसची पनवेल, कोपरखैरण्याला उतरते. त्यावर तुम्ही म्हणालात, "नऊ-दहा नंबरच्या फलाटावरची ना? मग ती ठाण्याहूनच सुटते. म्हणजे बसायला मिळतं."

मला कधी सुचलं नव्हतं. रोज बसायला मिळत होतं, रोज वीस मिनिटं माझी होती, आणि मी ती फोनवर घालवत होते म्हणून मला कुणी बोललं असतं तर तेही मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही तसं काही बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "हात हलेल थोडा, पण अक्षर तुझं तुला कळलं म्हणजे झालं."

मग तुम्ही माझी वही मागितलीत. साधी शंभर पानी, मुलाच्या जुन्या वह्यांतली उरलेली. पहिल्या ओळीत मी लिहिलेले शब्द तुम्ही बोटाने मोजलेत, सात होते. मग अंगठा ओळीओळीने खाली सरकवत नेलात. कानामागची शिसपेन्सिल काढलीत, विजेच्या बिलाची कड पट्टीसारखी धरलीत आणि पान संपायच्या थोडं आधी एक आडवी रेघ मारलीत. वही माझ्याकडे फिरवून म्हणालात, "इथपर्यंत. दीडशे होतात. याच्या खाली आज लिहायचं नाही, डोक्यात असलं तरी."

काका, त्या रेघेसाठी हे सगळं पत्र आहे.

तुम्हाला ती मारायला दोन सेकंद लागले असतील. पण लग्नापासून आजपर्यंत, घरात काय आणि ऑफिसात काय, मला कुणी पुरे म्हटलेलं नव्हतं. आणखी थोडं कर, एवढं उरक, तुला जमतं म्हणून सांगतो. कार्यशाळेतही तेच. तुमच्या रेघेपाशी पोचले की माझं त्या दिवशीचं काम संपलेलं असायचं. ऐरोलीला संपलं तर ऐरोलीला. मग मी वही मिटून खाडीकडे बघत बसायचे आणि मला अपराधी वाटायचं नाही. आणि डोक्यात शिल्लक राहिलेलं वाक्य दिवसभर बरोबर असायचं. व्हाउचरं तपासताना, रिक्षाच्या रांगेत, भाजी निवडताना. दुसऱ्या दिवशी वही उघडली की सुरुवात कुठून करू हा प्रश्नच नसायचा, कारण कालचं वाक्य तयार होतं. तुम्ही थांबायला का सांगितलंत ते मला तेव्हा उमगलं.

हिशेबही तुम्ही त्याच बिलाच्या पाठीमागे केलात. रोज दीडशे. महिन्याचे पंचवीस दिवस धरायचे, पाच दिवस पाहुणे, सणवार, आजारपण यांचे. पावणेचार हजार झाले. वर्षाचे पंचेचाळीस हजार. मी दोनदा गुणून पाहिलं. सुट्टीचे पाच दिवस तुम्ही आधीच हिशेबात धरले होते, ते मला मागावे लागले नाहीत. आणि १,६६७ बद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही खरंच चिडलात. म्हणालात, इंग्रजीचा आकडा मराठीला लावतात कसा? आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटून येतात. 'घरासमोरच्यांनाही' हा मोजायला एकच शब्द. तेवढ्यासाठी इंग्रजीत पाच-सहा मोजले जातील. हे बोलायला मुद्रितं वाचलेला माणूसच हवा होता.

सासूबाईंचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा तर मी वही पिशवीतच ठेवली नव्हती. तुम्ही जिन्यात भेटलात. पहिलं विचारलंत, त्यांना आता कसं आहे. मग म्हणालात, वही घेऊन ये. नव्या पानावर चार ओळींखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, त्या चालायला लागेपर्यंत एवढंच. कधी भरेल, कधी राहील. चार ओळी म्हणजे तीसेक शब्द. त्या मी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा लिहिल्या. राहिल्या त्या दिवसांबद्दल तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

पुढे केव्हातरी सवय कशी लागते यावरचं संशोधन वाचनात आलं आणि तुमचं वागणं किती बरोबर होतं ते कळलं. कार्यशाळावाल्यांनी छातीठोक सांगितलं होतं की २१ दिवसांत सवय लागते. हा २१चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनातून पसरला. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा रोज लिहिण्याशी संबंध काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडायची आणि ती दिवसातल्या ठरलेल्या वेळेला बांधायची, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणाबरोबर बाटलीभर पाणी. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, असंही त्यांना दिसलं. ते वाचताना मला त्या लाल फुल्या आठवल्या, आणि पाठोपाठ तुमच्या चार ओळी.

एकदा मात्र तुम्ही मला अडवलंत. तुम्हीच मला मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं होतं. १८९३ साली वि. ल. भाव्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलेलं आपलं ग्रंथालय, आणि जन्म ठाण्यात जाऊन मी तिथे कॉलेजनंतर पाऊल टाकलं नव्हतं. तिथे मला इतकं आवडायला लागलं की दर शनिवारी जुनं काहीतरी वाचत बसायचे आणि वाटायचं, काम चाललंय. तुम्ही म्हणालात, "वाच, भरपूर वाच. पण हे दीडशेत धरायचं नाही." एवढंच, हसून. मी सोमवारी पुन्हा गाडीत वही उघडली.

आणि तुम्ही कधी वाचायला मागितलं नाहीत. ज्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं त्यांनी माझी वही हातात घेतली, रेघ मारली आणि वरच्या मजकुरावर नजरही न टाकता परत दिली. मी बघत होते. तुमची नजर खरंच गेली नाही. तो आदर मला कुठल्याच साहित्यिक माणसाकडून मिळाला नव्हता.

मला वाटतं, चांगली माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात, ती कार्यक्रमाच्या मंचावर दिसत नाहीत एवढंच. आमच्या लेडीज डब्यात एक ताई आहेत, रबाळ्याला उतरतात. नाव अजून माहीत नाही. मी वही काढली की न बोलता माझी डब्याची पिशवी आपल्या मांडीवर घेतात आणि उतरताना परत देतात. काय लिहिता, कशासाठी लिहिता, कधी विचारलं नाही. मला दिसतं ते असं, की ज्यांना खरोखर मदत करायची असते ती माणसं समोरच्याचा दिवस आधी बघतात आणि त्यात जेवढी जागा असेल तेवढंच मागतात. तुम्ही दीडशे मागितलेत, वेळ आली तेव्हा तीस मागितलेत. मी लिहिती राहिले ती त्यामुळे.

इमारत पुनर्विकासाला गेली त्या दिवशी जिन्यात टेम्पोवाल्यांची एवढी घाई होती की तुमच्या पायाही पडता आलं नाही. ते मनात राहिलंय.

आता मजकूर टाइप करते आहे, शनिवार-रविवार. गाडीतलं अक्षर काही ठिकाणी मलाच लागत नाही, पण बहुतेक सगळं जमतंय. दिवाळी अंकांची मुदत उन्हाळा संपता संपता येते, तोवर बाबांच्या कंपनीच्या टाळेबंदीचा भाग वेगळा काढून पाठवावा असं मनात आहे. त्यात बदली कामगार, ले-ऑफ, ओव्हरटाइमची चिठ्ठी हे सगळं बाबा बोलायचे तसंच ठेवलंय. ते तसं ठेवावं की समजावून सांगावं, हे तुम्हाला विचारायचं आहे. यावेळी वाचाच, काका. लाल पेनाने वाचा, ऱ्हस्व-दीर्घाची दयामाया नको.

येत्या रविवारी बदलापूरला येते, अकरापर्यंत पोचेन. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे, आणि विरजण मी आणते.

तुमची,
समोरच्या दारातली