दादाला जत्रेला नेलं होतं

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई मध्येच "तो जेवला का" विचारते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहून पाठवतोय, ताई वाचून दाखवेल.

आधी दादा. जेवतो. कुळथाची पिठी आणि मऊ भात, चमचा डाव्या गालाकडून, तू दाखवलंस तसा. पहिले चार दिवस निम्मं माझ्या शर्टावर. आता कळलंय, घास गिळल्यावर त्याची मान सैल व्हायची वाट बघायची, मगच पुढचा.

बाबा, तुम्ही विचारलंत ना, पोरं गुडघे बडवत बर्फावरून खाली येतात ते काय, आणि नातू त्यापायी जेवण सोडून काय बसतो? तो स्कीइंगचा, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचा, एक प्रकार. त्याला मोगल्स म्हणतात (आपल्या इतिहासातले नव्हेत). उभा उतार, त्यावर बर्फाचे उंचवटे, वाटेत दोन उड्या. वेगाला शंभरातले वीसच गुण, उड्यांना वीस, उरलेले साठ वळणं कशी घेतली त्याला. होडीत उभा राहिलेला खलाशी आठवा. गुडघे लाटेबरोबर खालीवर, खांदे जागच्या जागी.

नातू ज्यांचं कौतुक करतो त्यांच्यात अलेक्सांद्र बिलोदोचं नाव आहे का, विचारा. मोगल्सचा खेळाडू, तुम्ही सध्या आहात त्या कॅनडातल्या क्यूबेकचाच. त्याच्याबद्दल वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्याचा मोठा भाऊ फ्रेडरिक, त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळे हातापायांवर ताबा राहत नाही ते. आपल्या दादासारखंच. बिलोदो लहानपणी हॉकी खेळायचा. आईने सुचवलं, हॉकी सोड, सगळ्या घराला मिळून करता येईल असं काहीतरी करू. म्हणून स्कीइंग. 2006 ला तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये तो अकरावा आला. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये सुवर्ण. त्याआधी कॅनडात दोनदा ऑलिंपिक झालं होतं, 1976 आणि 1988 ला, पण घरच्या मैदानावर त्यांना एकही सुवर्ण नव्हतं. ते पहिलं याचं. भाऊ खाली गर्दीत उभा. 2014 ला सोचीत पुन्हा सुवर्ण, आणि त्याच हंगामानंतर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, खेळ बंद. पुढे काय झाला? अकाउंटंट! बाबा, तुमच्यासारखाच जमाखर्चात.

मला मात्र पदकापेक्षा त्या आईचंच जास्त वाटलं. आपल्याकडे कायम कुणीतरी एक मागे राहायचं. लग्नाला गेलो, आई घरी. माझी कबड्डीची फायनल, तेव्हाही आई घरी. याचा राग मी दादावर काढायचो, मनातल्या मनात. तुम्हाला कधी बोललो नाही.

तर आता रागवू नकोस आई. महाशिवरात्रीला मी दादाला कुणकेश्वरच्या जत्रेला नेलं. गर्दी ओसरल्यावर, पहाटे. देवळाखालच्या वाळूत खुर्चीचं चाक आसापर्यंत रुतलं. मी ओढतोय, दादा ओरडतोय, लोक बघतायत. शेवटी खाजेवाल्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलला आणि ओल्या वाळूवर नेऊन ठेवला. लाट पायावर आली तेव्हा तो असा हसला की दोन्ही हात आखडून छातीशी गेले. परत फिरवली की मान मागे, समुद्राकडे. तासभर हललो नाही. रात्री शिंकला, वाफ दिली, सकाळी ठीक.

तिकीट अलीकडे आणू नका. मोहोर चांगला धरलाय, तुडतुड्यांची फवारणी झालीय. आंबा काढणीला आलात तरी पुरे.

आणि आई, त्याची निळी चादर कुठे ठेवलीस? रोज झोपताना "नी, नी" करतो. ट्रंक, माळा, तुझं कपाट, सगळं पालथं घातलं.

तुमचा,
धाकटा