फॉरमॅटआधी ड्रायव्हरची प्रत काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मराठवाड्यातल्या सेतू केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांत मशीन फॉरमॅट करून विंडोज ११ टाकून घेण्याची लगबग सुरू झाली. विंडोज नवी येते. पण प्रिंटर हलत नाही, अंगठ्याचे मशीन ओळखले जात नाही, वायफायचे चिन्हच दिसत नाही. मग ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून बिल फाडले जाते. बहुतेक वेळा काहीच गेलेले नसते. जुन्या विंडोजबरोबर ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक उपकरण विंडोजला ओळखू देणारी छोटी सॉफ्टवेअर, पुसले गेले, एवढेच झालेले असते.

फॉरमॅटआधी या ड्रायव्हरची प्रत काढणे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. पेनड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर करा. सी ड्राइव्हवर नको, तो तर पुसलाच जाणार. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पीएनपीयूटिल, जागा सोडून तिरकी रेघ (/) व एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, पुन्हा जागा सोडून फुली (*), पुन्हा जागा सोडून शेवटी फोल्डरचा पत्ता असे लिहा (pnputil /export-driver * आणि पुढे पत्ता). फोल्डर आधी केलेले नसेल तर आज्ञा चालत नाही. नवी विंडोज आल्यावर डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’. तेच फोल्डर दाखवून ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक ठेवा. एक अट मात्र आहे. जुनी विंडोज ३२ बिटची असेल तर ही प्रत निरुपयोगी, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते.

प्रत नसेल आणि वायफायही चालत नसेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे इंटरनेट लगेच मिळते. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स पाहा. तिथे नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून शोधा. असेंबल केलेल्या मशीनचे मदरबोर्ड मॉडेल ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’पुढे लिहिलेले असते.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडी (साठवणीची डिस्क) दिसतच नाही. ती खराब नसते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. काही जण बायोसमधून व्हीएमडी बंद करतात. कोऱ्या मशीनवर ते चालते, पण चालू विंडोजवर केले तर निळा स्क्रीन येतो.

पिवळ्या त्रिकोणाआड काय आहे, ते प्रॉपर्टीजमधला कोड सांगतो. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. नुकताच ड्रायव्हर बदलला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे. ४३ दिसला तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी केबल बदला आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टमध्ये लावून बघा. उपकरणाचे नावच ‘अननोन’ असेल तर डिटेल्स टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. त्यात व्हीईएन (VEN) या अक्षरांनंतर ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. तो आयडी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये शोधता येतो. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झाले’ अशी भीती घालणारी फुकटची अपडेटर सॉफ्टवेअर मात्र घेऊच नयेत. ती अनेकदा चुकीचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत जाहिराती आणतात. चांगले चाललेल्या साउंड कार्डचा ड्रायव्हर नवा करून मिळणार तरी काय?

सेतू केंद्रांना सर्वांत जास्त छळतात ती दोन यंत्रे, प्रिंटर आणि अंगठ्याचे मशीन. बऱ्याच यूएसबी प्रिंटरचे सॉफ्टवेअर आधी टाकायचे असते, केबल सूचना आल्यावर लावायची. पोर्ट बदलले की यादीत ‘कॉपी १’ नावाचा दुसरा प्रिंटर तयार होऊ शकतो आणि कागद जुन्याच रांगेत अडकून पडतात. अशा वेळी नव्याला डिफॉल्ट करावे. अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी अंगठ्याचा ठसा सुरक्षितपणे पाठवणारे सॉफ्टवेअर) अशी दोन वेगळी सॉफ्टवेअर लागतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सारे ठीक आणि तरी पोर्टल मशीन ओळखत नसेल, तर बहुधा आरडी सर्व्हिस टाकलेली नाही, बंद पडली आहे किंवा तिची मुदत संपली आहे. वर सांगितलेल्या प्रतीत ही सर्व्हिस येत नाही, तिचा सेटअप वेगळा जपावा. डीटीपीवाल्यांनी डोंगलच्या (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीत लावायची किल्ली) ड्रायव्हरबाबतही हेच करावे. आणि हे सगळे पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर रांग लागलेली असताना करू नये.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस नसेल तर बायोस अपडेटला हात लावू नये. ड्रायव्हर अर्धवट राहिला तर सेफ मोडमध्ये जाऊन काढता येतो. बायोस अर्धवट राहिले तर बऱ्याच बोर्डांची चिप काढून पुन्हा प्रोग्राम करावी लागते.

दुरुस्ती दुकानांनी फॉरमॅटच्या पावतीवर ‘ड्रायव्हरची प्रत दिली’ असा एक रकाना छापावा आणि दुकानदाराने तो भरल्याशिवाय ग्राहकांनी पैसे देऊ नयेत, ही विनंती.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, परभणी