आशाताई, गोलूच्या त्या रात्रींसाठी

आशाताई,

घरी येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "जाऊ दे वं" म्हणून लसीकरणाचं रजिस्टर उघडाल. म्हणून इथं, सगळ्यांसमोर, आमच्या गावच्या आशा सेविकेसाठी लिहिते.

दिवाळीनंतरचे दिवस, कापूस वेचणीची घाई. गोलू साडेतीन वर्षांचा. हे रानडुकरांपायी रात्री वावरात जागलीला, घरी मी आणि सासूबाई. झोपून दीडेक तास झाला की पोरगा किंचाळत उठून बसायचा. डोळे टक्क उघडे, अंग घामानं ओलं. "आई, आई" करायचा आणि जवळ घेतलं की मलाच ढकलायचा. मी तोंडावर पाणी मारायची, गदागदा हलवायची. तो आणखीच पिसाळायचा. सकाळी मात्र चहात टोस्ट बुडवत बसलेला, रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं सगळं घर खोकलं. शेजारच्या काकूंनी गुंगी येते म्हणून सर्दीचं औषध पाजायला सांगितलं. बाटली हातात घेतली होती मी, खोटं कशाला बोलू.

तुम्ही ओसरीवर बसलात आणि पहिलाच प्रश्न केलात, "झोपते किती वाजता न् उठते किती वाजता? घड्याय पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ दिवस खुणा केल्या. तीन फुल्या पडल्या. तिन्ही दिवशी गोलू माझ्यासोबत वावरात होता, दुपारी न झोपता कापसाच्या ढिगात लोळत होता.

"पह्यली झोप लय गहिरी असते," तुम्ही म्हणालात. "लेकरू त्यातून अर्धंच वर येते, जागं होतच नाही. स्वप्नानं भ्यालेलं लेकरू पहाटेकडं उठते, आईले ओयखते. याले हलवू नको, पानी मारू नको. खाटेवरून पडू नये एवढं पाह्य." या वयाला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते. गोलूची जेमतेम नऊ भरत होती.

घोरतो का, रात्री खाली खाजवतो का, हेही विचारलंत. जंत रात्रीच जास्त छळतात, हे मला ठाऊक नव्हतं. हातपाय झटके देत असतील तर मात्र थेट दवाखाना, हे दोनदा बजावलंत. सर्दीची बाटली पाहून जे बोललात ते इथं लिहीत नाही.

आणि सासूबाईंना हसला नाहीत. "मीठ-मोहऱ्या ओवाळा, पन मिरच्या चुलीत नका टाकू, लेकराच्या छातीत धूर जाते." तेव्हापासून आमच्या घरात माझ्यापेक्षा तुमचा शब्द मोठा आहे. तुम्हाला कामागणिक मोबदला. त्या ओसरीवरच्या तासाचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नसणार.

आता वावरात निंबाला लुगड्याचा झोका असतो, दुपारी गोलू त्यात. रात्री आठला अंथरुणावर, मोबाइल बंद. दोन महिने एकही फुली नाही.

परवा नात्यातली हळद होती, डीजेपायी झोपायला अकरा वाजले. साडेबाराला किंचाळला. मी तांब्याकडं धावले, तर सासूबाईंनी हात धरला.

"बस खाली. आशाताईनं काय सांगतलं?"

खाटेच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. सासूबाईंची नजर घड्याळावर. सात मिनिटांनी गोलू कुशीवर वळला आणि न घोरता झोपला.

तुमची,
गोलूची आई