ताई, तुम्ही आधी हात घातलात

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला खपत नाही, हे एका दुपारीच कळलं. पण पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय.

त्या दिवशी ढब्बू, मी केलेला हात घालून नाचवायचा बाहुला, माझ्या पिशवीत होता, डोकं खाली करून कोंबलेला. चार महिन्यांच्या संध्याकाळी मी त्याच्यावर घालवल्या होत्या. अर्धा इंच जाडीचा फोम, वर फ्लीसचं हिरवं लवदार कापड, दोन अर्धगोल डोळे. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या हातांनी एक चेहरा घडवला होता आणि परत जाताना तो कचऱ्यात टाकायचा, असंही ठरवून आलो होतो. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

तुमच्याआधी तिघांना दाखवून झालं होतं. एकांनी फक्त फोटो पाहिला आणि फोमचं काम घरी होतच नाही, त्याला कारखाना लागतो, असा निकाल दिला. दुसरे म्हणाले, एवढा वेळ घालवलास, विकत मिळतात की. तिसरे तर बाहुल्या करायला शिकवणारे. त्यांनी ढब्बूला मानेला दोन बोटांनी धरून उचललं, इकडून तिकडून फिरवलं, टेबलावर ठेवलं आणि हात झटकले. “डोळ्यांत जीव नाही,” एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण जीव कसा आणायचा, हे विचारेपर्यंत ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले होते. राग अजून गेलेला नाही माझा. तिघांपैकी एकालाही हात आत घालून बघावंसं वाटलं नाही. हातमोजा कुणी टेबलावर ठेवून पारखतं का?

तुम्ही काय केलंत? पिशवीतून तो बाहेर काढला, डोक्याला लागलेले दोरे झटकले आणि एक शब्द न बोलता उजवा हात आत घातलात. ढब्बूने मान वर केली. खिडकीकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे वळला आणि छातीत हवा भरल्यासारखा किंचित फुगून परत खाली बसला. माझ्या घशात आवंढा आला. चार महिने मी त्याला कापत होतो, चिकटवत होतो, शिवत होतो, पण तो श्वास घेताना मी पहिल्यांदा पाहिला.

मी अडचणी सांगायला लागलो. सांगत होतो तुम्हाला, ऐकत होता तो. मध्येच मान कलती करायचा, मी थांबलो की तोही थांबायचा. जवळजवळ तासभर तुम्ही हात बाहेर काढला नाहीत. मला पाणी दिलंत तेही डाव्या हाताने. “उजवा गुंतलाय, राग मानू नकोस,” म्हणालात. ताई, राग कसला! त्या एका वाक्याने माझं काम कचऱ्यातून वाचलं. कुणीतरी माझ्या बाहुल्यासाठी आपला उजवा हात अडकवून ठेवला होता.

दोष तुम्हीही काढलेत, आणि एकही सोडला नाहीत. फरक इतकाच की ते तुमच्या बोटांना आतून सापडले. अंगठ्याचा खिसा इतका घट्ट झाला होता की अंगठा हलेचना, म्हणून बोलताना खालचा जबडा पडण्याऐवजी अख्खं कपाळच मागे उडत होतं. डोक्याच्या टाळूवरची शिवण तुम्हाला टोचली. मी घाईने गरम गोंदाने जोडलेली ती कड कडक झाली होती, आणि तोच उंचवटा फ्लीसमधून दिसत होता. रबरी गोंद दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच कडा भिडवायच्या, हे मी वाचलं होतं. थांबलो मात्र नव्हतो. तुम्ही रागावला नाहीत. “खिडक्या उघड्या ठेव, डोकं धरतं त्या वासाने,” एवढंच वर सांगितलंत. बाकीची कृती इथे लिहीत नाही, ती हातांनी हातांना सांगायची गोष्ट आहे.

आणि डोळे. बुबुळं मी मोजूनमापून बरोबर मध्यावर चिकटवली होती, म्हणून तर ढब्बू कुणाकडेच बघत नव्हता. तुम्ही ती नखाने अलगद सोडवलीत, त्यांच्या जागी काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या खोचल्यात आणि मला समोर बसवलंत. नाकाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवायच्या नि विचारायचं, “बघतोय का तुझ्याकडे?” नाही. अजून थोडं. नाही. आणि एकदम, हो! तेव्हा तुम्ही डॉन साह्लिन यांच्याबद्दल सांगितलंत. अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या बाहुल्या घडवणारा हा कारागीर डोळे अगदी शेवटी बसवायचा, आणि तेही हेन्सन यांना शेजारी घेऊन. ज्याचा हात आत जाणार, त्याला ती नजर पटायला हवी. हेन्सन यांनी १९५५ साली आपला पहिला कर्मिट, म्हणजे पुढे बेडूक म्हणून गाजलेला त्यांचा बाहुला, आईच्या जुन्या कोटातून आणि पिंगपाँगच्या चेंडूच्या दोन अर्ध्या भागांतून केला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. घरातल्या कपड्यातून केलेलं ते काम कुणीतरी “कारखाना लागतो” म्हणून उडवून लावलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

चांगली माणसं असतात हो. गाजावाजा न करता असतात. समोरच्याने आणलेली वस्तू ओबडधोबड का असेना, ती त्याने जीव ओतून केली आहे हे ओळखून आधी ती नीट हातात घेतात, मग बोलतात. मला वाटायचं, असं वागायला फार मोठं ज्ञान लागत असेल. तुमच्याकडे ज्ञान होतंच, पण ते तुम्ही नंतर काढलंत.

ढब्बूची टाळू मी उसवून पुन्हा जोडली. यावेळी थांबलो. फ्लीसच्या कडा आतल्या आत ओढून घेणारा तुमचा तो शिडीसारखा टाका तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. वरून लव विंचरली तर शिवण कुठे आहे ते मलाच सापडेना. तुम्ही म्हणालात तसा हा फोम कधीतरी पिवळा पडेल, त्याचा भुगा होईल. तेव्हा आतलं डोकं नवं करेन, पण डोळे त्याच जागी राहतील.

त्या दोन टाचण्या चुकून माझ्याबरोबर आल्या. परत करायला येतो पुढच्या आठवड्यात. ढब्बूला घेऊनच येतो.

तुमचा,
ढब्बूवाला