सातेरीच्या देवळासाठी कौलं, लाकूड आणि हात हवेत

नमस्कार मंडळी, गावातल्यांना, मुंबई-पुणेवाल्यांना, गोव्यात नोकरीला असणाऱ्यांना आणि सासरी गेलेल्या सगळ्या माहेरवाशिणींना. देऊळ दुरुस्ती समितीकडून लिहितोय. थोडं लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा, कारण फक्त पैसे मागायला लिहिलेलं नाहीये.

जत्रेला आलेल्यांनी बघितलंच असेल, सभामंडपात शिरल्यावर डावीकडचा तिसरा खांब दोरीने बांधून त्याला बाजूने टेकू दिलेला होता. दहिकाल्याच्या रात्री दशावतार चालू असताना नाटकातला राक्षस संकासुर त्याच खांबामागून एन्ट्री घेतो, या वर्षी पहिल्यांदा त्याला दुसऱ्या बाजूने यायला सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळी निघून गेल्यावर आम्ही पाचसहा जण आणि आपले सुतारमेस्त्री बॅटरी घेऊन नीट बघायला बसलो. खांबाच्या पायथ्याशी अंगठा दाबला तर लाकूड ओल्या भुशासारखं आत गेलं. वर बघितलं तर कोपऱ्यातल्या वाशावरून पाणी उतरल्याच्या काळ्या रेघा थेट तुळईपर्यंत, आणि त्या तुळईखालच्या पट्टीवर रामायणातले जे कोरलेले प्रसंग आहेत त्यातल्या सेतू बांधणाऱ्या वानरांच्या अंगावर बुरशी चढलेली. लहानपणी आपण सगळ्यांनी ती वानरं मोजलीत. चौदा आहेत. त्यातल्या दोघांचे चेहरे आता हाताला लागत नाहीत.

नुकसान कुठून सुरू झालं तेही सांगतो, कारण चूक आमच्याच आधीच्या कामाची आहे आणि ती लपवून मदत मागायची नाही. काही वर्षांपूर्वी भिंतींना बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं. चांगल्या मनानेच केलं, दिसायलाही छान दिसत होतं. पण भिंत चिऱ्याची आहे, चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो, चुन्याचा गिलावा असला की हे येणं-जाणं चालू राहतं, सिमेंट मारलं की आतली ओल आतच राहते. मग ती ओल जागा शोधत लाकडाला लागते आणि ओल्या लाकडाला वाळवी. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात कौलं सरकलेली, म्हणजे वरूनही पाणी आणि भिंतीतूनही पाणी.

वाळवीला औषध मारा असं बऱ्याच जणांनी फोनवर सांगितलं. बरोबर आहे, पण आपली देवीच वारुळात आहे ना. गाभाऱ्यात वारूळ आहे, तेच सातेरीचं रूप, त्याच्या आसपास जमिनीत भोकं पाडून सरसकट केमिकल ओतणं गुरवांनाही मान्य नाही आणि आम्हालाही नाही. त्यामुळे उपाय एकच, मंडपातलं लाकूड कोरडं ठेवायचं आणि कुजलेला भाग तेवढा काढून टाकायचा. औषध फक्त नव्या तुकड्यांना, तेही बसवण्याआधी, देवळाच्या बाहेर.

आता ज्यावरून ग्रुपवर एवढी चर्चा झाली तो विषय. पाडून आरसीसी बांधूया, स्लॅब टाकूया, वर कळस करूया असं म्हणणारी माणसं गावची दुश्मन नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एकदाच काय तो खर्च, दर वर्षी कौलं परतायची कटकट नको, माणसं मिळत नाहीत. माणसं मिळत नाहीत हे शंभर टक्के खरं आहे. पण आजूबाजूच्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती कौलारू देवळं गेली ती आठवून बघा, आणि त्यातला एखादा कोरीव खांब आज कुठे आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी कोणाला माहीत नाही. बैठकीत हा वाद चालू असताना मागे बसलेले एक आजोबा उठले आणि एवढंच म्हणाले, "ह्यो खांब माज्या आज्यान हाडलेलो, तो तुमी काढूचो नाय." (हा खांब माझ्या आजोबांनी आणलेला, तो तुम्ही काढायचा नाही.) त्यानंतर बारापाच मानकऱ्यांसमोर, म्हणजे देवळात मान असलेल्या घराण्यांसमोर, देवीला विचारायला रीतसर कौल लावला. देवीने दुरुस्तीला उजवा कौल, म्हणजे होकार दिला. विषय तिथे संपला, आता पुन्हा कोणी काढू नये ही हात जोडून विनंती.

आणि हे नुसतं लाकूड-चिऱ्याचं नाही. दसऱ्याला तरंग, म्हणजे देवांच्या वस्त्रं नेसवलेल्या काठ्या, निघतात ते याच मंडपातून, शिमग्याला पालखी इथूनच उठते, गुरव, घाडी, राऊळ, सुतार, कुंभार, प्रत्येक घराचा इथे एक मान आणि एक जागा ठरलेली आहे, कोणी कुठे उभं राहायचं ते खांबावरून ओळखतात. पिंगुळीची ठाकर मंडळी पूर्वी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन देवळादेवळांतून फिरायची, त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. माणसाला पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच, पण ती कला ज्या मंडपांत समईच्या उजेडात चालायची ते मंडप पण राहायला नकोत का?

बरेच जण विचारतात सरकारी ग्रँट का नाही घेत. घ्यायचीच आहे. पण ती कशी मिळते ते बघा. आपलं देऊळ केंद्राच्या यादीत नाही आणि राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीतही नाही, त्यामुळे पुरातत्त्व खात्याकडून थेट दुरुस्ती होत नाही. २०२१ च्या राज्य बजेटमध्ये प्राचीन मंदिरांच्या संवर्धनासाठी १०१ कोटी ठेवले होते, पहिल्या टप्प्यात आठ मंदिरं निवडली, कोकणातलं त्यात एकच, राजापूरचं धूतपापेश्वर. आपल्यासारख्या छोट्या गावदेवळांचा नंबर कधी लागणार हे धरून बसलो तर मंडप राहणार नाही. दुसरीकडे केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, १९९६ पासूनचा, शिवाय मोठ्या कंपन्यांचे सीएसआर म्हणजे समाजकामाचे पैसे, ट्रस्ट वगैरे. आम्ही तीन-चार ठिकाणी चौकशी केली, सगळीकडे पहिला प्रश्न तोच, मोजमापाचे नकाशे आहेत का, कुठलं लाकूड किती खराब आहे त्याचा रिपोर्ट आहे का, हिशेब ऑडिट झालेत का, आणि गावाने स्वतः किती जमवले. आपल्याकडे यातलं फक्त ऑडिट तयार आहे. म्हणजे अर्ज करण्याआधीचं कामच आपलं आपण करायचंय, ते कोणी येऊन करून देणार नाही.

ते केलं की काय होतं याची उदाहरणं आहेत. भायखळा स्टेशनवरून आपली किती माणसं रोज येजा करतात, त्या स्टेशनची जुनी इमारत मूळ रूपात आणली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. फोर्टमधलं ज्यूंचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४ चं, त्याला २०१९ मध्ये. राणीबागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमला तर २००५ मध्येच. तिन्ही ठिकाणी पाडून नवं बांधलेलं नाही, आहे तेच जपलंय, म्हणूनच पुरस्कार, स्लॅबला असले पुरस्कार मिळत नाहीत. आपल्या जवळचं बघायचं तर डिचोलीजवळ नार्वेचं सप्तकोटेश्वर. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ, गोवा सरकारने दुरुस्त करून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. आमच्यातले सहा जण मुद्दाम जाऊन आले. उतरती कौलं तशीच, आत गेल्यावर गारवा तसाच. येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं की आपल्याकडेही हे जमेल. युनेस्कोचा पुरस्कार मिळो न मिळो.

तर मिरगाआधी, म्हणजे जूनचा पाऊस सुरू व्हायच्या आत, एवढंच करायचंय. मंडपावरची सगळी कौलं उतरवून कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या. तिसऱ्या आणि सातव्या खांबाचा खालचा दोन-अडीच फूट भाग कापून फणसाचाच तुकडा खाच काढून जोडायचा, वरचा कोरीव भाग तसाच ठेवायचा. बाहेरचं सिमेंट खरवडून एका भिंतीला तरी चुन्याचा गिलावा द्यायचा, चुना भिजत घालून झालाय. बाकीच्या भिंती दिवाळीनंतर. मेस्त्रींनी साडेनऊ लाखांचा अंदाज दिलाय, त्यातले तीन लाख दहा हजार गावातून जमलेत.

पैसे देणाऱ्यांनी ट्रस्टच्या खात्यातच भरा, खातं नंबर समितीकडून किंवा गुरवांच्या घरी मिळेल, कोणाच्या वैयक्तिक जीपेवर टाकू नका, मग तो समितीतला का असेना. पावती लगेच मिळेल. ८०जी आपल्याकडे अजून नाही त्यामुळे टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, हे आधीच सांगतो. परदेशात आहात पण पासपोर्ट भारतीय आहे तर बँकेतून पाठवलेलं चालतं, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर कृपया पाठवू नका, आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी नाही, नंतर देवस्थानाला त्रास होईल. तुमच्या नावाने इकडचे भाऊबंद त्यांच्या पदरचं देत असतील तर गोष्ट वेगळी. आणि देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी मंडपात लावणार नाही असं ठरलंय, नावं वहीत राहतील, ती वही जत्रेला वाचली जाईल. शंभर रुपयेवाल्याचंही नाव त्यात असेल.

पैसे नसतील तर लाकूड द्या. गेल्या वादळवाऱ्यात ज्यांचे फणस पडले आणि ओंडके अजून परड्यात आहेत त्यांनी विकण्याआधी एकदा मेस्त्रींना दाखवा. फणस जून हवा, आतून पिवळा धमक.

मोजमापाचे नकाशे काढायला आर्किटेक्चरची मुलं हवीत. गावातल्या कोणाची मुलगी, भाचा, शेजारी शिकत असेल तर मे महिन्यात आठ दिवस पाठवा, राहायची जेवायची सोय चार घरांनी घेतली आहे. ग्रँटचा अर्ज इंग्रजीत लिहून देणारं कोणीतरी लागेल. जुने फोटो तर सगळ्यांकडे असतीलच, लग्नाच्या अल्बममध्ये देवदर्शनाला गेल्याचा एक तरी फोटो असतो, त्यात मागे जो खांब दिसतो, जी पट्टी दिसते तीच आम्हाला हवी आहे. त्या दोन वानरांचे चेहरे कसे होते ते अशाच कुठल्यातरी फोटोत सापडेल. मूळ फोटो देऊ नका, मोबाईलवर सरळ धरून काढून पाठवा, मागे साल लिहिलं असेल तर त्या बाजूचाही काढा.

आता कौलांचं. घरांवर स्लॅब पडल्यापासून मागच्या पडवीत जुनी मंगलोरी कौलं रचून ठेवलेली कमीत कमी तीस घरं आपल्या गावात आहेत. ती द्या. नवीनपेक्षा ती वजनदार आणि भाजणीला चांगली. काहींवर बेझल मिशनचा छाप आणि १८६५ लिहिलेलं सापडेल, ते मंगळूरचा कारखाना निघाल्याचं साल आहे, कौल तितकंच जुनं असेल असं नाही, पण तशी कौलं पुढच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावर लावायची आहेत. एक लक्षात ठेवा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत आणि तिथूनच पाणी येतं, म्हणून एका छापाची एकत्र रचून ठेवा आणि प्रत्येक रचीवर खडूने आकडा लिहा. कुंभारवाड्यातली हाताची नळ्याची कौलं कोणाकडे उरली असतील तर ती गाभाऱ्यासाठी हवीत, पन्नास असली तरी चालतील.

श्रमदान दर रविवारी सकाळी सातला, कौलं उतरवायला सुरुवात येत्या रविवारी. शिडीवर फक्त सवयीची माणसं चढतील, बाकीच्यांनी खाली साखळी करायची. लहान मुलांना आणा, त्यांना ब्रश देऊन कौलांवरचं शेवाळ घासायला बसवू. टेम्पो दहा वाजल्यापासून वाडीवाडीत फिरेल, आपली कौलं रस्त्याच्या कडेला काढून ठेवा.