‘व्हिजन’ आणि ‘वेद’ यांचे नाते चुलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी ‘व्हिजन’ हा संस्कृत ‘विद्या’पासून निघाला, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आणि अधूनमधून वाचकांच्या पत्रांतही डोकावतो. नाते आहे, पण ते चुलत: दोन्ही शब्द एकाच जुन्या पूर्वज भाषेतून वेगवेगळ्या वाटांनी आलेले.

‘व्हिजन’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, १३०० च्या सुमारास. फ्रेंचमध्ये तो लॅटिन ‘विसिओ’वरून आला आणि ‘विसिओ’च्या मुळाशी ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. इंग्रजीतला पहिला अर्थ आपल्या ‘दृष्टांता’सारखा, स्वप्नात वा समाधीत दिसलेले काहीतरी. डोळ्यांची शक्ती हा अर्थ पंधराव्या शतकाच्या अखेरचा. कंपन्यांच्या अहवालांतले ‘व्हिजन’ तर कालपरवाचे!

मग ‘विदेरे’तला ‘द’ ‘विसिओ’त गेला कुठे? लॅटिनमध्ये धातूच्या अंत्य ‘द’पुढे ‘त’ने सुरू होणारा प्रत्यय आला की दोन्ही मिळून ‘स’ होतो, म्हणून ‘विसिओ’. संस्कृतात त्याच जागी ‘त्त’ होतो, म्हणून ‘विद्’ (जाणणे) पासून ‘वेत्ति’. धातू एकच, पण संधीचे नियम दोन्ही घरांचे वेगळे.

खरा पुरावा ‘वेद’ या क्रियापदात आहे. ‘वेद’ म्हणजे ‘तो जाणतो’. प्रत्यय लिट् लकाराचे, म्हणजे परोक्ष भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा, शिवाय लिटात हमखास दिसणारे द्वित्व (धातूच्या सुरुवातीची पुनरुक्ती) नाही. पाणिनीला यासाठी ‘विदो लटो वा’ (३.४.८३) हे वेगळे सूत्र द्यावे लागले. ग्रीक ‘ओइदा’ची तऱ्हा तीच: मुळात ‘मी पाहिले आहे’, वापरात ‘मला ठाऊक आहे’. जर्मन ‘वाइस’ही त्याच साच्यातले. इतकी आडवळणाची अनियमितता कोणी उसनी घेत नाही. ती वारशानेच येते.

व्युत्पत्ती तपासताना एका शब्दावर विसंबू नये, ध्वनींची रांग जुळते का ते पाहावे. संस्कृत-लॅटिन ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमांपैकीच. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या क्रमाने पाहा: दश, देकेम, टेन; द्वौ, दुओ, टू; अद् (खाणे), एदो, ईट. त्या हिशेबाने ‘विद्’चा इंग्रजीतला घरचा शब्द ‘विट’ असायला हवा, आणि तो आहे. मूळ अर्थ बुद्धी. ‘एव्हिडन्स’, ‘प्रोव्हाइड’, ‘आयडिया’ यांत ‘द’ शाबूत दिसतो, कारण ते लॅटिन-ग्रीकमधून आलेले पाहुणे.

‘व्ह्यू’, ‘सर्व्हे’ (वरून पाहणे), ‘व्हिसा’ (पाहिलेला, तपासलेला कागद) हे सगळे ‘विदेरे’चेच. ‘एन्व्ही’सुद्धा: ‘इन्विदेरे’ म्हणजे वाकड्या नजरेने पाहणे. दृष्ट काढणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावायला नको. ‘सी’ आणि ‘साइट’ मात्र या कुळातले नाहीत.

संस्कृतशी जोडी दाखवायची हौसच असेल तर ‘पश्यति’ (पाहतो) आणि ‘इन्स्पेक्टर’ घ्यावेत; दोन्हींचे मूळ एकच. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना ‘स्पश्’ म्हटले आहे. इंग्रजी ‘स्पाय’ही त्याच मुळाचा.

आपला,
एक भाषाभ्यासक, सांगली